चार्ल्स ईम्स

चार्ल्स ऑर्मंड ईम्स (जन्म : १७ जून १९०७, सेंट लुईस, मिसूरी, मृत्यू : २१ ऑगस्ट १९७८, सेंट लुईस) हे विसाव्या शतकातील अग्रगण्य अमेरिकन डिझायनर, वास्तुकार आणि लघुपटकार होते. पत्नी रे ईम्स (१९१२–१९८८) यांच्या बरोबरीने त्यांनी साकारलेल्या प्लायवूड, फायबरग्लास, तार व ॲल्युमिनियमच्या खुर्च्या जगभर वापरल्या गेल्या. विमानतळाच्या प्रतीक्षागृहांसाठी त्यांनी १९६२ मध्ये तयार केलेली जोडआसने हे सार्वजनिक बैठक-व्यवस्थेतील एक महत्त्वाचे काम मानले जाते. भारत सरकारच्या निमंत्रणावरून १९५८ मध्ये त्यांनी व रे यांनी लिहिलेला ‘इंडिया रिपोर्ट’ हा अहवाल अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या स्थापनेचा पाया ठरला. त्यामुळे भारतातील डिझाइन-शिक्षणाच्या इतिहासातही त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

बालपण व शिक्षण

चार्ल्स यांचा जन्म मिसिसिपी नदीकाठच्या सेंट लुईस या औद्योगिक शहरात झाला. लहान वयातच त्यांचे पितृछत्र हरपले आणि शालेय शिक्षण चालू असतानाच त्यांना अर्थार्जनाला हातभार लावावा लागला. एका पोलाद कारखान्यात त्यांनी फावल्या वेळात काम केले. यंत्र, धातू आणि हाताने काम करणारा कारागीर यांच्याशी त्यांचा परिचय असा पुस्तकांच्या आधी प्रत्यक्ष अनुभवातून झाला. वडिलांच्या मागे राहिलेले छायाचित्रणाचे साहित्य त्यांच्या हाती आले आणि त्यातून जडलेला छायाचित्रणाचा छंद आयुष्यभर टिकला.

१९२५ मध्ये त्यांनी सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात वास्तुशास्त्राच्या अभ्यासक्रमास प्रवेश घेतला. त्या काळी तेथील शिक्षण जुन्या युरोपीय शैलींच्या अनुकरणावर भर देणारे होते. चार्ल्स यांना मात्र फ्रँक लॉइड राइट या अमेरिकन वास्तुकाराच्या स्वतंत्र विचारांचे आकर्षण होते. सुमारे दोन वर्षांनी त्यांनी विद्यापीठ सोडले. पदवी त्यांनी कधीच पूर्ण केली नाही.

१९२९ मध्ये त्यांचा विवाह कॅथरिन वोरमन यांच्याशी झाला. त्याच वर्षी युरोपच्या प्रवासात त्यांना तेथील आधुनिक वास्तुकलेचे दर्शन घडले. १९३० मध्ये त्यांची कन्या लुसिया हिचा जन्म झाला आणि याच वर्षी त्यांनी सेंट लुईसमध्ये भागीदारीत वास्तुकलेचे कार्यालय उघडले. परंतु जागतिक महामंदीच्या त्या काळात इमारतींची कामे मिळणे दुरापास्त झाले होते. कामाअभावी त्यांनी काही महिने मेक्सिकोत भटकंती केली. तेथील साधी घरे, भडक रंग आणि लोककला यांचा ठसा त्यांच्या पुढील कामावर उमटलेला दिसतो.

क्रॅनब्रुक येथील काळ

मेक्सिकोहून परतल्यावर आर्कान्सा राज्यातील हेलेना या गावी त्यांनी उभारलेल्या एका चर्चच्या इमारतीकडे एलिएल सारिनेन या ज्येष्ठ फिनिश वास्तुकाराचे लक्ष गेले. सारिनेन त्या वेळी मिशिगन राज्यातील क्रॅनब्रुक कला अकादमीचे प्रमुख होते. त्यांच्या निमंत्रणावरून चार्ल्स १९३८ मध्ये शिष्यवृत्तीधारक म्हणून तेथे दाखल झाले आणि पुढे औद्योगिक डिझाइन विभागाचे प्रमुख झाले.

क्रॅनब्रुक येथे त्यांची एलिएल यांचे पुत्र ईरो सारिनेन यांच्याशी मैत्री जुळली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने घरगुती फर्निचरसाठी १९४० मध्ये जाहीर केलेल्या स्पर्धेत या दोघांनी मिळून भाग घेतला. माणसाच्या अंगाला जुळेल अशा वळणाची प्लायवूडची खुर्ची त्यांनी सादर केली आणि दोन गटांत पहिले पारितोषिक मिळवले. मात्र एकाच वेळी दोन दिशांना वाकवलेले प्लायवूड कारखान्यात स्वस्तात तयार करण्याचे तंत्र त्या काळी उपलब्ध नव्हते. स्पर्धेतील खुर्चीला भरपूर हातकाम लागले आणि ती सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेर राहिली. कागदावर सुंदर दिसणारी वस्तू आणि कारखान्यातून हजारोंच्या संख्येने बाहेर पडणारी वस्तू यांतील हे अंतर मिटवणे, हाच पुढे चार्ल्स यांच्या कामाचा मुख्य विषय झाला.

याच स्पर्धेची रेखाटने करताना त्यांना रे कैसर यांची मदत झाली. कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे जन्मलेल्या रे या चित्रकार होत्या. न्यूयॉर्क येथे हान्स हॉफमन यांच्याकडे त्यांनी अमूर्त चित्रकलेचे धडे घेतले होते. चार्ल्स यांचा पहिला विवाह संपुष्टात आल्यानंतर जून १९४१ मध्ये चार्ल्स व रे विवाहबद्ध झाले आणि लॉस एंजेलिस येथे स्थायिक झाले.

प्लायवूडचे प्रयोग

लॉस एंजेलिसमध्ये चार्ल्स दिवसा एका चित्रपट कंपनीच्या कलाविभागात काम करीत आणि रात्री हे दांपत्य राहत्या घरातच प्लायवूड वाकवण्याचे प्रयोग करीत असे. लाकडाचे पातळ थर व डिंक एकावर एक रचून ते प्लास्टरच्या साच्यावर दाबण्यासाठी त्यांनी एक घरगुती यंत्र बनवले. त्यात हवा भरण्यासाठी सायकलचा पंप वापरला जाई. जादूगाराच्या मंत्रासारखे ‘कझॅम’ हे नाव त्यांनी या यंत्राला दिले होते.

दुसऱ्या महायुद्धामुळे या प्रयोगांना अनपेक्षित दिशा मिळाली. जखमी सैनिकांच्या पायांना बांधण्यात येणाऱ्या धातूच्या आधारपट्ट्या वाहतुकीच्या वेळी कंप पावत आणि जखम अधिकच चिघळत असे. ईम्स दांपत्याने पायाच्या आकाराशी जुळणारी, हलकी आणि एकात एक रचता येणारी प्लायवूडची आधारपट्टी तयार केली. अमेरिकन नौदलाने १९४२ पासून ती स्वीकारली आणि सुमारे दीड लाख पट्ट्या तयार झाल्या. ज्या तंत्राअभावी स्पर्धेतील खुर्ची अडली होती, ते तंत्र या कामातून हाती आले.

युद्ध संपल्यावर त्याच तंत्राने त्यांनी बैठक आणि पाठ असे दोन वेगळे भाग असलेली प्लायवूडची खुर्ची तयार केली. हे भाग रबराच्या चकत्यांनी सांगाड्याला जोडलेले असल्याने बसणाऱ्याच्या हालचालीबरोबर पाठ किंचित लवते. १९४६ मध्ये आधुनिक कला संग्रहालयात या खुर्च्यांचे प्रदर्शन भरले. प्रदर्शनाच्या शीर्षकात मात्र एकट्या चार्ल्स यांचेच नाव होते. रे यांच्यासह कार्यालयातील इतर सहकाऱ्यांचे श्रेय झाकले गेले आणि त्यामुळे काही सहकाऱ्यांनी पुढे त्यांची साथ सोडली.

फर्निचर आणि घर

जॉर्ज नेल्सन यांच्या पुढाकाराने मिशिगनमधील हर्मन मिलर या कंपनीने ईम्स यांच्या फर्निचरचे उत्पादन हाती घेतले. हे नाते पुढे अनेक दशके टिकले. १९४८ च्या स्वस्त फर्निचर स्पर्धेत चार्ल्स यांना दुसऱ्या क्रमांकाचे पारितोषिक विभागून मिळाले. त्यातूनच १९५० मध्ये बैठक, पाठ व हात एकाच अखंड कवचात असलेली फायबरग्लासची खुर्ची बाजारात आली. त्यानंतर तारेची खुर्ची (१९५१), चामड्याच्या गाद्यांची प्रसिद्ध आरामखुर्ची (१९५६) आणि ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर ताणलेल्या बैठकीची खुर्ची (१९५८) यांची भर पडली.

१९४९ मध्ये लॉस एंजेलिसजवळ पॅसिफिक पॅलिसेड्स येथे त्यांनी स्वतःसाठी बांधलेले घर वास्तुकलेच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. कारखान्यांच्या सूचीतून मागवता येणारे पोलादी खांब, खिडक्या व फलक वापरून ते उभारण्यात आले. मूळ आराखड्यानुसार घर समोरच्या कुरणात पुढे आलेले असते. परंतु त्या जागेच्या सहवासात काही काळ घालवल्यावर दांपत्याने आराखडा बदलला आणि निलगिरीच्या झाडांची रांग व कुरण तसेच राखून घर टेकडीच्या कडेला सरकवले.

विमानतळावरील प्रतीक्षा आणि आसने

१९५० च्या दशकाच्या अखेरीस जेट विमानांचे युग सुरू झाले. प्रवाशांची संख्या वाढली, विमाने मोठी झाली आणि विमानतळांच्या इमारती लांबच लांब पसरू लागल्या. ईम्स यांचे जुने मित्र ईरो सारिनेन यांच्याकडे वॉशिंग्टनसाठी बांधल्या जाणाऱ्या डलस विमानतळाचे काम आले. जेट विमानांचा विचार मुळापासूनच करून आखलेला हा विमानतळ होता. सारिनेन यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या विमानतळांवर जाऊन प्रवासी किती चालतात, कोठे थांबतात, किती वेळ थांबतात याची घड्याळ लावून पाहणी केली.

या पाहणीतून पुढे आलेली कल्पना धाडसी होती. प्रवाशाने विमानापर्यंत चालत जाण्याऐवजी, प्रतीक्षागृहच चाकांवर बसवून प्रवाशांसह विमानापर्यंत न्यावे, असा सारिनेन यांचा प्रस्ताव होता. तो विमान कंपन्या व सरकारी अधिकारी यांना पटवून देण्यासाठी चार्ल्स व रे यांनी १९५८ मध्ये ‘द एक्सपांडिंग एअरपोर्ट’ हा छोटा चित्रपट तयार केला. वाढत्या विमानतळात प्रवाशाची पायपीट कशी वाढत जाते, हे त्यात सोप्या चित्रांतून दाखवले होते. प्रस्ताव मान्य झाला. पुढील काळात विमाने अधिक मोठी झाल्याने आणि एका विमानातून दुसऱ्या विमानात जाणाऱ्या प्रवाशांची संख्या वाढल्याने ही फिरती प्रतीक्षागृहे अपुरी ठरली व डलस येथेही वेगळ्या इमारती बांधाव्या लागल्या. विमानतळाची आखणी प्रवाशाच्या पावलांपासून सुरू करण्याची दृष्टी मात्र टिकून राहिली.

प्रवासी थांबणार तेथे त्याला बसायला काय द्यावे, हा याच कामातून पुढे आलेला प्रश्न होता. १९६१ मध्ये सारिनेन यांचे अकाली निधन झाले. नोव्हेंबर १९६२ मध्ये डलस विमानतळाचे उद्घाटन झाले, तेव्हा तेथील प्रतीक्षागृहांत ईम्स यांच्या कार्यालयाने तयार केलेली नवी जोडआसने मांडलेली होती. शिकागोच्या ओ’हेअर विमानतळासाठीही त्याच सुमारास तीच आसने घेण्यात आली.

वरवर पाहता हा प्रश्न साधा वाटतो. परंतु घरातील खुर्ची आणि विमानतळावरील खुर्ची यांत मूलभूत फरक आहे. घरातील खुर्चीवर मोजकी माणसे बसतात व ती तिची काळजी घेतात. विमानतळावरील आसनावर दिवसरात्र अनोळखी माणसे बसतात. त्यांत धिप्पाड असतात तशीच लहान मुलेही असतात. कोणी ओले कपडे घालून येतो, कोणी आसनावर सामान आदळतो, कोणाच्या हातून पेय सांडते. सफाई कामगाराला मात्र रोज त्याखालून केरसुणी वा यंत्र फिरवायचे असते. एखादी गादी फाटली तर पूर्ण रांग बंद ठेवणे व्यवस्थापनाला परवडत नाही. प्रवाशाला आराम, कामगाराला सोय आणि व्यवस्थापनाला टिकाऊपणा अशा तिन्ही अपेक्षा एकाच वस्तूकडून पूर्ण व्हायच्या होत्या.

ईम्स यांनी १९५८ च्या ॲल्युमिनियम खुर्चीतील तत्त्व येथे वापरले. जमिनीला समांतर अशी एक लांब पोलादी तुळई घेऊन तिच्यावर ॲल्युमिनियमच्या चौकटी ठरावीक अंतराने बसवण्यात आल्या. दोन चौकटींच्या मध्ये बैठकीची व पाठीची गादी झोळीसारखी ताणून बसवली. प्रत्येक खुर्चीला चार पाय देण्याऐवजी संपूर्ण रांगेला थोडेच पाय पुरले. त्यामुळे आसनांखालची जमीन मोकळी राहिली. तेथे प्रवाशाची पिशवी ठेवता येई आणि झाडलोटही सुलभ होई. गरजेनुसार रांग कमी-अधिक लांबीची करता येई व दोन रांगा पाठीला पाठ लावूनही जोडता येत.

गाद्यांची रचना विशेष विचारपूर्वक केलेली होती. विनाइलच्या थरांमध्ये मऊ भरण ठेवून ते थर शिवण न घालता उष्णतेने एकमेकांना सांधले होते. शिवण नसल्यामुळे उसवण्याचा प्रश्न नव्हता आणि टाक्यांमध्ये मळ साचत नव्हता. बैठकीची गादी व पाठीची गादी एकाच मापाची असल्याने एकमेकींच्या जागी बसवता येत असत. त्यामुळे सुटे भाग मोजक्या प्रकारचे ठेवावे लागत आणि फाटलेली गादी जागेवरच बदलता येई. आतून आधार देणाऱ्या फळ्या वा स्प्रिंगा नसूनही झोळीसारख्या ताणामुळे बसणाऱ्याच्या शरीराला हवा तसा आकार मिळत असे.

पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, त्यांनी तुळईवर फायबरग्लासची कवचे बसवून तुलनेने साधी जोडआसनेही तयार केली. एका तुळईवर अनेक आसने जोडण्याची पद्धत पुढे जगभर रूढ झाली आणि तिच्या प्रसारात ईम्स यांच्या या दोन रचनांचा मोठा वाटा आहे. भारतातही विमानतळ, रेल्वे स्थानके, बँका व रुग्णालये यांत तीन-तीन वा चार-चार आसनांच्या जोडखुर्च्या सर्रास आढळतात. चेंबूरसारख्या उपनगरातील एखाद्या दवाखान्यात आपला क्रमांक येण्याची वाट पाहणारा रुग्ण ज्या सच्छिद्र पोलादी पत्र्याच्या खुर्चीवर बसतो, ती ईम्स यांची नसते, तिच्यात गादीही नसते; परंतु तुळई, मोजके पाय आणि मोकळी जमीन हे तत्त्व तेच असते.

भारत आणि ‘इंडिया रिपोर्ट’

भारताशी ईम्स दांपत्याचा संबंध १९५५ मध्ये आला. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात भारतीय वस्त्रे व अलंकरण-कला यांचे प्रदर्शन भरले होते. ईम्स यांनी त्यावर लघुपट तयार केला. या निमित्ताने त्यांची पुपुल जयकर यांच्याशी ओळख झाली व ती स्नेहात परिवर्तित झाली.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात भारतात नवे कारखाने उभे राहत होते. परंतु पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या वस्तूंचा कस उतरत आहे आणि कारखान्यांतून अनुकरण केलेला निकृष्ट माल बाहेर पडत आहे, अशी चिंता जाणकारांना वाटत होती. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी भारत सरकारने फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने ईम्स दांपत्याला पाचारण केले. त्यांनी देशात सुमारे तीन महिने प्रवास केला, कारागीर, उद्योजक, शिक्षक व शासनकर्ते यांच्या भेटी घेतल्या आणि एप्रिल १९५८ मध्ये अहवाल सादर केला.

अहवालाचा प्रारंभ भगवद्गीतेतील कर्मयोगाच्या वचनांनी होतो. त्यानंतर लेखकद्वयाने भारतात पाहिलेल्या असंख्य वस्तूंतून सर्वांत सुंदर वस्तू म्हणून निवड केली ती ताजमहालाची वा एखाद्या शिल्पाची नव्हे, तर रोजच्या वापरातील लोट्याची. मराठी घरात तांब्या, कळशी वा घागर या रूपाने परिचित असलेल्या या भांड्याकडे त्यांनी प्रश्नांच्या मालिकेतून पाहिले. त्यात किती पाणी मावावे, ते डोक्यावर वा कंबरेवर कसे पेलले जाईल, भरलेले व रिकामे असताना त्याचा तोल कसा राहील, पाणी ओतताना धार कशी पडेल, ते आतून घासता येईल का, हाताला त्याचा स्पर्श कसा वाटेल, त्याला किती किंमत पडेल आणि मोडीत काढल्यावर त्याचे काय मिळेल, असे हे प्रश्न आहेत. लोट्याचा आकार कोणा एका माणसाने ठरवलेला नाही. अनेक पिढ्यांनी वापरता वापरता तो घडवला. बदलाचा वेग वाढल्यामुळे यापुढे समाजाला पिढ्यांची वाट पाहता येणार नाही, म्हणून तेच काम जाणीवपूर्वक करणारी माणसे तयार केली पाहिजेत, असा अहवालाचा मुख्य मुद्दा होता.

त्यासाठी संशोधन, सेवा आणि शिक्षण यांची सांगड घालणारी संस्था स्थापन करावी, अशी शिफारस त्यांनी केली. तिला अनुसरून १९६१ मध्ये अहमदाबाद येथे राष्ट्रीय डिझाइन संस्था सुरू झाली. गौतम साराभाई व गिरा साराभाई यांनी तिची जडणघडण केली. १९६४ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांचे निधन झाल्यावर त्यांच्या जीवनावरील प्रदर्शनाचे काम ईम्स दांपत्याने या संस्थेतील तरुण चमूसमवेत केले. हे प्रदर्शन १९६५ मध्ये प्रथम न्यूयॉर्क येथे मांडण्यात आले. संस्थेच्या पहिल्या पिढीला ते प्रत्यक्ष कामातून मिळालेले शिक्षण ठरले.

महाराष्ट्रात डिझाइनचे उच्च शिक्षण १९६९ मध्ये मुंबईच्या पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत औद्योगिक डिझाइन केंद्राच्या रूपाने सुरू झाले. त्याच्या उभारणीत सुधाकर नाडकर्णी यांचा महत्त्वाचा वाटा होता. जर्मनीतील उल्म येथे शिकलेल्या नाडकर्णी यांची परंपरा वेगळी असल्याने हे केंद्र ईम्स यांच्या अहवालाचे थेट फलित म्हणता येत नाही. परंतु डिझाइन हा स्वतंत्र अभ्यासविषय आहे, ही जाणीव देशात रुजवण्यास त्या अहवालाने मदत केली होती.

लघुपट व प्रदर्शने

ईम्स दांपत्याने शंभराहून अधिक लघुपट तयार केले. १९५९ मध्ये मॉस्को येथील अमेरिकन प्रदर्शनात त्यांनी सात पडद्यांवर एकाच वेळी दाखवला जाणारा चित्रपट सादर केला. १९६१ मध्ये गणित या विषयावर त्यांनी उभारलेले प्रदर्शन विज्ञान-प्रदर्शनांच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते. १९७७ चा ‘पॉवर्स ऑफ टेन’ हा त्यांचा सर्वांत प्रसिद्ध लघुपट होय. शिकागोतील एका उद्यानात विसावलेल्या माणसापासून दर टप्प्याला दहापट दूर जात विश्वाच्या कडेपर्यंत, आणि परत येऊन त्याच्या हाताच्या त्वचेतून अणुकेंद्रकापर्यंत, असा प्रवास त्यात घडतो. विज्ञानाच्या वर्गांतून हा लघुपट आजही दाखवला जातो.

कार्यपद्धती व मूल्यमापन

डिझाइन म्हणजे सजावट नव्हे, तर मर्यादांचा प्रामाणिक स्वीकार करून गरज भागवणे होय, अशी चार्ल्स यांची धारणा होती. पैसा, वेळ, साहित्य व वजन यांच्या मर्यादा त्यांना अडथळे वाटत नसत. वापरणाऱ्याला त्यांनी घरी आलेल्या पाहुण्याच्या ठिकाणी मानले. यजमान जसा पाहुण्याच्या गरजा आधीच ओळखून ठेवतो, तशी डिझायनरची भूमिका असावी, असे ते मानत. कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त लोकांना उत्तम वस्तू मिळावी, हे त्यांचे ध्येय होते.

या ध्येयाच्या कसोटीवर त्यांच्या कामाचे मूल्यमापन संमिश्र ठरते. १९५६ ची आरामखुर्ची आरंभापासूनच महाग होती व पुढे ती श्रीमंती घरांचे आणि कार्यालयांचे प्रतिष्ठाचिन्ह बनली. स्वस्त म्हणून जन्मलेल्या प्लायवूडच्या खुर्च्यांनाही आता संग्राहकांच्या बाजारात मोठी किंमत येते. याउलट विमानतळावरील जोडआसन कोणा एकाच्या मालकीचे नाही. ज्यांना ईम्स हे नाव ठाऊक नाही आणि ज्यांनी त्यांची एकही खुर्ची विकत घेतली नाही, अशा असंख्य प्रवाशांनी त्यावर विसावा घेतला. सर्वांसाठी उत्तम वस्तू हे ध्येय ज्या मोजक्या कामांत खऱ्या अर्थाने साध्य झाले, त्यांत या आसनाची गणना करावी लागते.

या आसनाच्या मर्यादाही लक्षात घेण्याजोग्या आहेत. दोन बैठकींच्या मधल्या चौकटी व हात यांमुळे शेजाऱ्यांमध्ये अंतर राहते, परंतु विमान रद्द झाल्याने रात्र काढावी लागलेल्या प्रवाशाला त्यावर आडवे होता येत नाही. मांडी घालून बसण्याची सवय असलेल्या वृद्धांना किंवा झोपलेले मूल शेजारी निजवू पाहणाऱ्या आईला ही रचना अपुरी पडते. सुरक्षा तपासणीमुळे प्रवाशांना विमानतळावर कितीतरी आधी यावे लागेल, हे १९६२ मध्ये कोणाच्या ध्यानी येण्यासारखे नव्हते. लोट्याला विचारलेले प्रश्न प्रत्येक पिढीने आपल्या आसनांनाही नव्याने विचारावेत, हा ईम्स यांच्याच पद्धतीतून निघणारा निष्कर्ष आहे.

रे ईम्स यांच्या श्रेयाचा प्रश्नही अभ्यासकांनी उपस्थित केला आहे. दीर्घकाळ सर्व काम एकट्या चार्ल्स यांच्या नावे ओळखले गेले. चार्ल्स स्वतः मात्र रे यांचे समान योगदान आवर्जून सांगत. अलीकडील लेखनात दोघांचा उल्लेख एकत्र करण्याचा प्रघात पडला आहे.

अखेरचा काळ व वारसा

२१ ऑगस्ट १९७८ रोजी जन्मगावी, सेंट लुईस येथे, कामानिमित्त गेले असता हृदयविकाराच्या झटक्याने चार्ल्स यांचे निधन झाले. मृत्युसमयी ते ७१ वर्षांचे होते. त्यानंतर रे यांनी उर्वरित कामे पूर्ण केली व कार्यालयातील कागदपत्रे, छायाचित्रे आणि लघुपट यांची व्यवस्था लावली. बरोबर दहा वर्षांनी, २१ ऑगस्ट १९८८ रोजी, त्यांनीही जगाचा निरोप घेतला.

ब्रिटनमधील वास्तुकारांच्या शाही संस्थेचे सुवर्णपदक १९७९ मध्ये ईम्स यांच्या कार्यालयाला देण्यात आले. दांपत्याचा कागदपत्रांचा संग्रह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन करण्यात आला आहे. त्यांच्या घराला २००६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला आणि २००८ मध्ये अमेरिकन टपाल खात्याने त्यांच्या कामावर १६ तिकिटांचा संच काढला. अहमदाबाद येथील संस्थेत ‘इंडिया रिपोर्ट’ हा पायाभूत दस्तऐवज मानला जातो. १९६२ ची जोडआसने हर्मन मिलर कंपनी आजही तयार करते, आणि जगातील अनेक विमानतळांवर पुढच्या विमानाची वाट पाहणारे प्रवासी त्यांवर बसलेले दिसतात.